हेन्री हाइड आणि लष्करी रुग्णालयाचे बंद दार

हेन्री हाइड हे नाव मराठी वाचकांच्या कानावर आले ते २००६ ते २००८ या काळात. भारत आणि अमेरिका यांच्यातील नागरी अणुकरारावरून तेव्हा देशात रान पेटले होते. हाइड कायद्यातील कोणत्या कलमाने भारताचे हात बांधले जातात, इराणविषयीची त्यातली वाक्ये बंधनकारक आहेत की केवळ सल्लावजा, यावर वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने भरत होते. डाव्या पक्षांनी पाठिंबा काढून घेतला आणि २२ जुलै २००८ रोजी मनमोहनसिंग सरकारने लोकसभेत २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला, तेव्हा कुठे करार मार्गी लागला. ज्यांचे नाव त्या कायद्याला दिले गेले ते हेन्री हाइड कोण, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात फारसा कुणाला पडला नाही. तोवर ते हयातही राहिले नव्हते.

त्यांच्या स्वतःच्या देशात अणुकराराशी त्यांचे नाव क्वचितच जोडले जाते. तेथे हाइड म्हटले की आठवते ती १९७६ ची हाइड दुरुस्ती. सरकारी तिजोरीतला पैसा गर्भपातावर खर्च होऊ नये, एवढेच सांगणारे ते एक वाक्य. ते लिहिले गेले गरिबांच्या वैद्यकीय मदतीच्या संदर्भात. पण दोनच वर्षांत तोच विचार अमेरिकेच्या संरक्षण खर्चाच्या विधेयकात शिरला आणि जगभर पसरलेल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयांची दारे एका विशिष्ट उपचारासाठी बंद होऊ लागली. गणवेशातील स्त्रिया आणि सैनिकांच्या पत्नी यांच्यावर त्याचा जो परिणाम झाला तो हाइड यांच्या चरित्राचाच भाग आहे. त्यांच्या मृत्युलेखांत त्याला जागा थोडी मिळाली, एवढेच.

हाइड यांचा जन्म १८ एप्रिल १९२४ रोजी शिकागोत झाला. वडील दूरध्वनी कंपनीत नोकरीला. सार्वजनिक टेलिफोनच्या पेट्यांतली नाणी गोळा करण्याचे त्यांचे काम. आई आयरिश वंशाची, श्रद्धाळू कॅथलिक. शिकागोतील त्या काळच्या बहुतेक कष्टकरी कॅथलिक कुटुंबांप्रमाणे हे घरही डेमोक्रॅटिक पक्षाला मानणारे होते. सहा फुटांहून उंच असलेल्या या मुलाला बास्केटबॉलने हात दिला आणि खेळाच्या शिष्यवृत्तीवर तो वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात दाखल झाला. १९४३ च्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत जॉर्जटाउनचा संघ अंतिम फेरीपर्यंत गेला. त्या वाटेवर डीपॉल विद्यापीठाशी झालेल्या सामन्याच्या उत्तरार्धात, पुढे अमेरिकी बास्केटबॉलचा पहिला मोठा तारा ठरलेल्या जॉर्ज मायकन याला रोखण्याची जबाबदारी हाइड यांच्यावर होती आणि मायकनला त्यांनी अवघा एक गुण मिळवू दिला. राजकारणात दीर्घकाळ काढल्यावरही ही आठवण त्यांना सुखावत असे.

महायुद्ध चालूच होते. हाइड नौदलात गेले, दक्षिण पॅसिफिकमध्ये आणि न्यू गिनीच्या परिसरात वावरले आणि जानेवारी १९४५ मध्ये फिलिपीन्सच्या लिंगायेन आखातात अमेरिकी फौजा उतरल्या त्या मोहिमेत त्यांनी भाग घेतला. युद्धानंतर त्यांनी गणवेश पूर्णपणे उतरवला नाही. नौदलाच्या राखीव दलात ते १९६८ पर्यंत होते आणि कमांडरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. हे सांगायचे कारण असे की, लष्करी जीवन म्हणजे काय, रजा कुणाच्या हातात असते, तळावरून बाहेर पडायला कुणाची परवानगी लागते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांनी पाहिलेले नौदल मात्र पुरुषांचे होते. युद्धनौकांवर स्त्रियांना तेव्हा स्थान नव्हते.

१९४७ मध्ये पदवी आणि विवाह, १९४९ मध्ये शिकागोच्या लोयोला विद्यापीठातून कायद्याची पदवी, मग वकिली आणि चार मुलांचा संसार. सोव्हिएत युनियनविषयी डेमोक्रॅटिक पक्ष पुरेसा कठोर नाही असे त्यांचे मत होत गेले. १९५२ मध्ये त्यांनी आयसेनहॉवर यांना पाठिंबा दिला आणि पुढे ते रीतसर रिपब्लिकन झाले. १९६२ मध्ये काँग्रेसची निवडणूक लढवून ते हरले. १९६७ मध्ये इलिनॉय राज्याच्या विधानसभेत पोचले आणि तेथे बहुमतवाल्या पक्षाचे नेतेही झाले.

गर्भपाताचा प्रश्न त्यांच्यासमोर आला तो याच विधानसभेत आणि तोही उलट्या बाजूने. राज्याचा गर्भपातविषयक कायदा सैल करणाऱ्या विधेयकावर सही करावी, अशी विनंती एका सहकारी सदस्याने त्यांना केली. हाइड यांनी त्या विषयाचा तोवर विचारच केला नव्हता. ते वाचायला बसले आणि वाचून उठले ते विरोधक म्हणून. गर्भ हा माणूसच आहे आणि त्याला मारण्याचा अधिकार कुणालाही नाही, या निष्कर्षावर ते आले. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत या मतापासून ते ढळले नाहीत. त्यांच्या विरोधकांपैकी अनेकांनी त्यांना ढोंगी ठरवले. परंतु या एका बाबतीत तरी तो आरोप टिकत नाही. त्यांची श्रद्धा खरी होती. पुढे जे घडले ते समजून घेण्यासाठी हे आधी मान्य केले पाहिजे.

१९७४ साली वॉटरगेटमुळे रिपब्लिकन पक्षाची देशभर धूळधाण उडाली. त्या वर्षी शिकागोच्या पश्चिम उपनगरांतून हाइड प्रतिनिधिगृहावर निवडून आले. त्याआधीच, २२ जानेवारी १९७३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने रो विरुद्ध वेड या खटल्यात गर्भपात हा स्त्रीचा घटनात्मक हक्क ठरवला होता. न्यायालयाचा निर्णय फिरवायचा तर घटनादुरुस्ती हवी आणि तेवढे बळ विरोधकांकडे नव्हते. तेव्हा मेरिलँडचे रिपब्लिकन सदस्य रॉबर्ट बॉमन यांनी एक वाट सुचवली. हक्क काढून घेता येत नसेल तर पैसा काढून घ्यावा. बॉमन यांच्यावर सभागृहात अनेकांचा रोष होता. नव्या, हसतमुख हाइड यांनी प्रस्ताव मांडला तर तो तरण्याची शक्यता अधिक होती. २४ जून १९७६ रोजी हाइड यांनी आरोग्य आणि कामगार खात्यांच्या खर्चमंजुरी विधेयकाला एका वाक्याची दुरुस्ती सुचवली. २०७ विरुद्ध १६७ मतांनी ती मंजूर झाली.

त्या काळी मेडिकेड या योजनेतून गरीब स्त्रियांचे वर्षाला सुमारे तीन लाख गर्भपात सरकारी खर्चाने होत असत. आपल्याला सर्वच स्त्रियांचे गर्भपात थांबवायचे आहेत, श्रीमंतांचे आणि मध्यमवर्गीयांचेही. हाताशी असलेले विधेयक मात्र गरिबांचे आहे, हे हाइड यांनी सभागृहात लपवून ठेवले नाही. सिनेटने आईच्या जिवाला धोका असेल तर अपवाद, एवढी सूट घालायला लावली. न्यायालयांत चार वर्षे झगडा चालला आणि ३० जून १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने दुरुस्ती वैध ठरवली. न्यायालयाचा युक्तिवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्त्रीच्या मार्गातला अडथळा तिच्या गरिबीचा आहे, तो सरकारने निर्माण केलेला नाही. आणि जो अडथळा सरकारने निर्माण केला नाही तो दूर करण्याचे बंधन सरकारवर नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. गरीब स्त्रीच्या बाबतीत हे तर्कशास्त्र पटो वा न पटो, छावणीच्या कुंपणाआड ते कसे लंगडे पडते ते पुढे दिसेल.

लष्करातील स्त्रियांची तोवरची स्थिती काय होती? १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आदेशाने लष्कराला असा अधिकार मिळाला की, स्त्री सैनिक गर्भवती राहिली किंवा तिच्यावर लहान मुलांची जबाबदारी आली तर तिला सेवेतून काढून टाकता येईल. विवाहित असो वा अविवाहित, गर्भ म्हणजे नोकरी संपली. १९७० मध्ये व्हिएतनाममध्ये हवाई दलाच्या रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिका कॅप्टन सुसान स्ट्रक यांच्यावर हीच वेळ आली. त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले गेले, गर्भपात किंवा राजीनामा. स्ट्रक कॅथलिक होत्या, त्यांना गर्भपात मान्य नव्हता आणि नोकरीही सोडायची नव्हती. मूल दत्तक देऊन आपण लगेच कामावर येऊ असे त्यांनी कळवले आणि मूल तसे दत्तक दिलेही; तरी बडतर्फीचा आदेश निघाला. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी, ज्या पुढे त्याच न्यायालयात न्यायाधीश झाल्या. न्यायालयाने सुनावणी मान्य केल्यावर हवाई दलाने माघार घेऊन बडतर्फी रद्द केली आणि खटला निकालाविनाच निकाली निघाला. मूल हवे की नको हे ठरवण्याचा अधिकार स्त्रीचा, हे तत्त्व मूल हवे असलेल्या स्त्रीच्या खटल्यातून आधी प्रस्थापित व्हायला हवे होते, असे गिन्सबर्ग यांना पुढेही वाटत राहिले.

या प्रकरणातली विसंगती डोळ्यांत भरते. एकीकडे लष्कर मूल नको म्हणत होते. दुसरीकडे गर्भपाताचे नियम वाऱ्यावर होते. १९७० मध्ये संरक्षण खात्याने लष्करी रुग्णालयांतील गर्भपाताचे नियम सैल केले; एप्रिल १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ते फिरवले आणि तळ ज्या राज्यात असेल त्या राज्याचा कायदा तेथील रुग्णालयाला लागू होईल असे फर्मावले. रो निकालानंतर लष्करी रुग्णालयांत हा उपचार इतर उपचारांसारखाच मिळू लागला आणि १९७५ मध्ये गर्भवती सैनिकांची सक्तीची बडतर्फीही थांबली. लष्करातील स्त्रीला मूल आणि नोकरी या दोहोंबाबत स्वतः निर्णय घेता येईल अशी स्थिती प्रथमच आली. ती टिकली जेमतेम तीन वर्षे.

१९७८ मध्ये कॅलिफोर्नियाचे रॉबर्ट डॉर्नन यांनी हाइड यांचे वाक्य उचलून संरक्षण खर्चाच्या विधेयकात घातले. डॉर्नन हे हवाई दलाचे माजी वैमानिक. आरंभी त्यात बलात्कार आणि आईच्या प्रकृतीची गंभीर हानी यांचे अपवाद होते; ते पुढे गळून गेले आणि उरला फक्त जिवाचा धोका. खर्चमंजुरीचे विधेयक दरवर्षी नव्याने येते, त्यामुळे त्यातली बंदीही दरवर्षी नव्याने घालावी लागे. १९८४ मध्ये काँग्रेसने ती कटकटही संपवली आणि बंदी कायमच्या कायद्यात बसवली. अमेरिकी संहितेच्या दहाव्या भागातले कलम १०९३ ते हेच. याच दशकात सरकारी कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा, संघराज्याच्या तुरुंगातील स्त्रिया आणि राजधानीतील गरीब रहिवासी यांच्यापर्यंतही हाइड यांचे वाक्य वेगवेगळ्या विधेयकांतून पोचले. प्रत्येक वेळी ते हाइड यांनी स्वतः मांडले असे नाही. त्याची गरजच राहिली नव्हती.

येथवर प्रश्न पैशाचा होता. परदेशातील तळावर स्वतःचा पैसा भरून लष्करी रुग्णालयात गर्भपात करून घेण्याची मुभा होती. जून १९८८ मध्ये संरक्षण खात्याने तीही काढून घेतली आणि ऑक्टोबरपासून परदेशातील लष्करी रुग्णालयांचे दार पैसे देणारीलाही बंद झाले. हाइड तरुणपणी ज्या फिलिपीन्सच्या किनाऱ्यावर उतरले होते त्याच देशात त्या वेळी क्लार्क हा हवाई दलाचा आणि सुबिक बे हा नौदलाचा असे अमेरिकेचे दोन मोठे तळ होते. फिलिपीन्सच्या कायद्यात गर्भपात हा गुन्हा. म्हणजे तळाच्या आत बंदी आणि तळाबाहेर गुन्हा. दक्षिण कोरियातही कायदा असाच कडक होता. तेथल्या स्त्री सैनिकासमोर मार्ग उरे तो वरिष्ठांकडे रजा मागण्याचा, रजेचे कारण सांगण्याचा किंवा टाळण्याचा, आणि मायदेशी जाणाऱ्या लष्करी विमानात जागा रिकामी होईपर्यंत वाट पाहण्याचा. दिवस मात्र थांबत नसत.

१९८० च्या निकालातला अडथळ्याचा युक्तिवाद येथे लावून पाहावा. या स्त्रीला मनिलाजवळ कुणी आणून ठेवले? तिची रजा कुणाच्या हातात होती? तिला दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्यापासून कोण अडवत होते? गरिबी सरकारने निर्माण केली नाही असे एक वेळ म्हणता येईल. बदलीचा हुकूम मात्र सरकारचाच होता. हाइड यांच्यासारख्या कसलेल्या वकिलाला आणि निवृत्त नौदल अधिकाऱ्याला ही गोष्ट दिसली नसेल असे मानणे कठीण आहे. त्यांच्या दृष्टीने गर्भाच्या जिवापुढे ही गैरसोय दुय्यम होती, असेच म्हणावे लागते. सुसंगत भूमिका आहे ती. तिची किंमत कुणी मोजली, एवढेच पाहायचे.

२२ जानेवारी १९९३ रोजी, म्हणजे सत्तेवर आल्यावर दोनच दिवसांनी, क्लिंटन यांनी १९८८ ची बंदी उठवली. १९९४ च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी काँग्रेस जिंकली, हाइड न्यायविषयक समितीचे अध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये बंदी परत आली, ती आता थेट कायद्यातून. जिवाला धोका, बलात्कार आणि निकटच्या नात्यातील अत्याचार एवढेच अपवाद. त्यातही एक मेख होती. बलात्कारित स्त्री सैनिकाला लष्करी रुग्णालयात गर्भपात करून घेता येई, परंतु पैसे तिने स्वतः भरायचे. कारण खर्चाच्या कलमात बलात्काराचा अपवाद नव्हता. हाइड यांनी मेडिकेडच्या बाबतीत १९९३ मध्ये हा अपवाद मान्य केला होता. क्लिंटन राजवटीत सारीच दुरुस्ती हातची जाण्याचा धोका होता आणि तो टाळण्यासाठी केलेली ती तडजोड होती. म्हणजे सरकारी मदतीवरच्या गरीब स्त्रीला जे मिळत होते ते सैनिक स्त्रीला मिळत नव्हते. बंदी उठवण्याचे प्रस्ताव प्रतिनिधिगृहात त्यानंतर वारंवार आले आणि पडले. कॅलिफोर्नियाच्या लोरेटा सँचेझ यांनी ते काम चिवटपणे केले. २००२ मध्ये सिनेटने असा एक प्रस्ताव मंजूरही केला. दोन्ही सभागृहांच्या तडजोडीत तो गळाला.

एक प्रकरण न्यायालयाच्या दप्तरात नोंदले गेले आहे. १९९४ मध्ये एअर नॅशनल गार्डमधील एका कॅप्टनच्या पत्नीला, गर्भाला पाच महिने झाले असताना, बाळाचा मेंदू आणि कवटी तयारच झालेली नाही असे कळले. असे मूल जगत नाही. दांपत्य कॅथलिक होते, मूल हवे म्हणून आनंदात होते. डॉक्टरांशी, घरच्यांशी आणि आपल्या धर्मगुरूंशीही बोलून त्यांनी गर्भपाताचा निर्णय घेतला. लष्करी विम्याने खर्च नाकारला, कारण आईच्या जिवाला धोका नव्हता. २००२ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २००४ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. संभाव्य मानवी जिवाचे रक्षण करण्यात सरकारला स्वारस्य आहे आणि त्यात जगू न शकणारा गर्भही येतो, असा त्या निकालाचा आशय. खटला सरकारने शेवटपर्यंत लढवला. रक्कम काही हजार डॉलरांची होती.

हाइड एकसुरी राजकारणी होते असे या सगळ्यावरून वाटेल, पण तसे नव्हते. पांढरे केस, अवाढव्य देह, तोंडात सिगार आणि घनगंभीर वक्तृत्व. विरोधी बाकांवरही त्यांचे चाहते होते. १९८१ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचे रक्षण करणाऱ्या कायद्याला मुदतवाढ द्यायला त्यांचा विरोध होता. समितीबरोबर ते अलाबामातील मॉन्टगोमेरीला गेले, तेथे मतदारनोंदणीसाठी लोकांना काय सोसावे लागते याच्या साक्षी त्यांनी ऐकल्या आणि आपण चुकलो होतो हे त्यांनी उघडपणे मान्य केले. बाळंतपण आणि आजारपणासाठी रजेचा हक्क देणाऱ्या १९९३ च्या कायद्याला, तसेच १९९४ च्या शस्त्रबंदीला पक्षाची नाराजी पत्करून त्यांनी मत दिले. गर्भ वाचवा म्हणणाऱ्यांनी जन्मलेल्या मुलाकडेही पाहिले पाहिजे, हे त्यांना पटलेले होते. २००३ मध्ये एड्सविरोधी लढ्यासाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर देणारे विधेयक त्यांनी डेमोक्रॅट टॉम लँटॉस यांच्या साथीने पुढे नेले. आफ्रिकेत त्या पैशाने असंख्य प्राण वाचले.

मॉन्टगोमेरीला साक्षी ऐकून मत बदलणारा हा माणूस लष्करी रुग्णालयांच्या प्रश्नावर मात्र कधी हलला नाही. लिहिताना मला सर्वाधिक विचारात पाडते ती ही गोष्ट. स्त्री सैनिकांच्या कहाण्या दरवर्षी सभागृहात वाचल्या जात होत्या. त्या समोर बसून सांगितल्या गेल्या असत्या तर वेगळे काही घडले असते काय, याचे उत्तर देता येत नाही, बहुधा नसतेच.

१९९८ हे वर्ष त्यांना वाईट गेले. क्लिंटन यांच्यावरील महाभियोगाचे सुकाणू न्यायविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांच्या हाती होते आणि त्याच सप्टेंबरात त्यांचे स्वतःचे १९६० च्या दशकातले विवाहबाह्य संबंध एका संकेतस्थळाने उघड केले. तरुणपणीचा अविचार म्हणून त्यांनी तो विषय संपवू पाहिला. ते संबंध सुरू झाले तेव्हा हाइड चाळिशी ओलांडलेले होते, हे लोकांनी लगेच हिशेब करून दाखवले. फेब्रुवारी १९९९ मध्ये सिनेटने क्लिंटन यांना निर्दोष सोडले. हाइड यांच्या प्रतिष्ठेला बसलेला डाग पुसला गेला नाही.

२००१ पासून ते परराष्ट्रविषयक समितीचे अध्यक्ष होते आणि म्हणूनच जून २००६ मध्ये भारताशी अणुसहकार्याचे विधेयक त्यांनी मांडले. ते निवृत्त होत होते. सहकाऱ्यांनी कायद्याला त्यांचे नाव दिले आणि १८ डिसेंबर २००६ रोजी बुश यांनी त्यावर सही केली. त्याच वर्षी त्यांच्या रिकाम्या होणाऱ्या जागेसाठी निवडणूक झाली. डेमोक्रॅटिक उमेदवार होत्या टॅमी डकवर्थ. लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिक असलेल्या डकवर्थ यांनी २००४ मध्ये इराकमध्ये दोन्ही पाय गमावले होते. हाइड यांचा गणवेश आणि त्यांचा मतदारसंघ या दोहोंवर हक्क सांगणारी अशी स्त्री समोर यावी, हा योगायोग विलक्षण खरा. डकवर्थ थोड्या मतांनी हरल्या. पुढे त्या दुसऱ्या मतदारसंघातून प्रतिनिधिगृहात आणि २०१७ मध्ये सिनेटमध्ये पोचल्या आणि स्त्री सैनिकांच्या आरोग्याच्या प्रश्नावर हाइड यांच्या नेमक्या विरुद्ध बाजूला उभ्या राहिल्या.

५ नोव्हेंबर २००७ रोजी हाइड यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला. हृदयशस्त्रक्रियेनंतर ते सावरले नव्हते. सन्मान मुलाने स्वीकारला. २९ नोव्हेंबरला शिकागोत त्यांचे निधन झाले. वय ८३.

बलात्कारित स्त्री सैनिकाला स्वतःच्या खिशातून पैसे भरायला लावणारी मेख त्यानंतर पाच वर्षांनी निघाली. न्यू हॅम्पशायरच्या सिनेटर जीन शाहीन यांची दुरुस्ती संरक्षण विधेयकात आली आणि जानेवारी २०१३ मध्ये ओबामा यांच्या सहीने तिचा कायदा झाला. २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रो निकाल रद्द केला. हाइड यांनी आपले वाक्य मांडले त्या दिवसाला तेव्हा बरोबर ४६ वर्षे झाली होती. आता परदेशातलाच नव्हे, टेक्सास किंवा अलाबामातला तळही फिलिपीन्ससारखा झाला. तेव्हा संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी दुसऱ्या राज्यात उपचारासाठी जाणाऱ्या सैनिकांना प्रवासखर्च आणि २१ दिवसांपर्यंत रजा देण्याचे धोरण आणले. सरकारी विधिज्ञांनी त्याला हिरवा कंदील दाखवला तो हाइड यांच्याच शब्दांवर बोट ठेवून. कायद्यात बंदी गर्भपाताच्या खर्चावर आहे, तेथवरच्या प्रवासाच्या खर्चावर नाही.

निषेध म्हणून अलाबामाचे सिनेटर टॉमी ट्युबरव्हिल यांनी २०२३ मध्ये जवळपास वर्षभर चारशेहून अधिक लष्करी अधिकाऱ्यांच्या बढत्या रोखून धरल्या. पेंटागॉनने नंतर सांगितले की, जून ते डिसेंबर २०२३ या काळात ही प्रवासाची सवलत घेतली गेली अवघी १२ वेळा आणि त्यावर खर्च झाला सुमारे ४५ हजार डॉलर. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने तो प्रवासखर्चही बंद केला. कलम १०९३ कायद्यात आहे तसेच आहे आणि १९७६ चे ते वाक्य दर वर्षीच्या खर्चमंजुरीत नव्याने घातले जाते.